शिंगावर आलेलं जहाज

नागपूरपासून मुंबईचा समुद्र आठशे किलोमीटर लांब आहे, ही गोष्ट वामनराव भोयरांना माहीत नव्हती असं नाही. माणूस रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होता, कोणती गाडी थांबवायची आणि कोणती सोडायची ते फोनवरून सांगणारा. कोणतं स्टेशन कोणत्या स्टेशनापासून किती अंतरावर, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी बिनचूक सांगता यायचं. तरी या माणसानं अजनीच्या रेल्वे क्वार्टरामागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली, सात वर्षं खपून बावीस फुटांची शिडाची होडी बांधली. आता बोला.

लकडगंजात जाऊन चांद्याचं सागवान एकेक फळी ठोकून पाहून आणलं. सुट्टी असली की रंधा, सुट्टी नसली की रंध्याच्या गप्पा. शेजारच्या शोभाताई कुंपणावरून मान काढून विचारायच्या, "काहून वं गोपिका, नाग नदीले पूर येऊन राह्यला का?" गोपिकाबाई हसून म्हणायच्या, "आला तर तुमालेच आधी बसवतो, ताई." हसायच्या खऱ्या, पण होडीची शिडं त्यांनीच पायमशीनवर शिवली होती, आणि एकेक शिवण दुहेरी घातली होती. नवऱ्याचं खूळ असलं म्हणून काय झालं, हातून निघालेलं काम उसवता कामा नये, असा त्यांचा स्वभाव.

होडीला नाव दिलं 'प्रयागबाई'. ही वामनरावांची आई. बिचारी जन्मभर पाण्याला इतकी भ्यायली की अंबाझरीच्या काठावरसुद्धा कधी बसली नाही. पण मुलाच्या मनात आलं, तेव्हा तिचं नाव तलावात उतरलंच.

अंबाझरीवर त्यांना शिकवायला होता रुपराव. नौदलातून रिटायर होऊन आलेला, काळा, बुटका, तोंडात कायम सुपारी. दोन हिवाळे त्यानं या नवरा-बायकोला तलावावर घुमवलं. वामनराव दोरी ओढायला शिकले आणि गोपिकाबाई सुकाणूचा दांडा धरायला. खरं म्हणजे उलट शिकायचं होतं, पण वामनरावांच्या हातात दांडा आला की होडी सापासारखी जायची. त्यांचं म्हणणं, वारा चूक होता.

एकोणऐंशी सालच्या दिवाळीनंतर वामनरावांनी मनातलं सांगून टाकलं. होडी मालगाडीच्या सपाट डब्यावर चढवून मुंबईला न्यायची. तिथून शिडानं पलीकडे, अलिबागकडच्या मांडव्याला जायचं. मधे मोठ्या जहाजांची वाट आहे, बंदरात येणारी-जाणारी, एकामागं एक. ती ओलांडायची.

"चौपाटीवर जाऊन समुद्र तर कोणीबी पाह्यते," ते म्हणाले. "एकोणतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्या क्रॉस करून राह्यलो. एकदा मले सोताले मेन लाइन क्रॉस करायची हाये."

गोपिकाबाईंना हे वाक्य आवडलं. नवरा त्यांना तसा वर्षातून दोनदा आवडायचा, त्यातली ही एक वेळ. आणि होडी एकट्यानं चालणारी नव्हती. त्या हो म्हणाल्या तर वामनराव समुद्रावर जाणार, नाही म्हणाल्या तर होडी पेरूच्या झाडाखाली परत येणार आणि पुढच्या पावसाळ्यात तीत कोंबडी अंडी घालणार. हे दोघांनाही माहीत होतं.

रुपरावानं मुंबईचा नकाशा अंगणात पसरला, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या आणि सांगितलं, "पाहा साहेब. वाट दाखवणाऱ्या तरंगत्या पिंपांची, बोयांची, रांग इथं संपते. आत चर खणलेला आहे, तिथं मोठं जहाज बाजूला होऊच शकत नाही, तुम्ही तिथं शिरायचंच नाही. बाहेरून ओलांडा. ओलांडताना तिरकं नाही, सरळ आडवं. जितका कमी वेळ त्यांच्या वाटेत, तितकं बरं. डोलकाठीवर पत्र्याचा कोनाकोनांचा कंदील टांगा, म्हणजे त्यांच्या रडारला दिसेल. दिसेलच असं नाही. आपण कोणालाच दिसत नाही असं समजून चालायचं. भरलेलं जहाज ब्रेक मारला म्हणून थांबत नाही, मैलभर पुढं जातं. त्याच्या नाकासमोरून कधी जायचं नाही."

वामनरावांनी चष्मा पुसला आणि पुस्तक उघडलं. समुद्रावरच्या वाहतुकीच्या नियमांचं. त्यांनी ते रेल्वेच्या नियमांच्या पुस्तकासारखं पाठ केलं होतं, लाल पेन्सिलीच्या रेघांसकट. "खुल्या पाण्यात इंजिनाच्या जहाजानं शिडाच्या होडीला वाट द्यायची. साफ लिहिलं आहे. बोयांच्या बाहेर रस्ता आपला."

"पुस्तक खरं आहे, साहेब," रुपराव सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेत म्हणाला. "पण जहाजावरच्या माणसानं त्या घडीला ते वाचून राहिलेलं पाहिजे."

वामनराव हसले. त्यांना ते पटलं नाही. पटणार कसं? आयुष्यभर लाल सिग्नल दिला की हजार टनांची गाडी थांबलेली त्यांनी पाहिली होती. न थांबणाऱ्या ड्रायव्हरची चौकशी त्याच आठवड्यात लागायची. कागदावर लिहिलेलं लोखंडाला कळतं, अशी त्यांची ठाम समजूत. गोपिकाबाई चहाचे कप उचलता उचलता हे ऐकत होत्या. रात्री ताटं वाढताना म्हणाल्या, "रविवारी बाबाकडे जाऊ. त्याईनं हो म्हटलं तर मी येतो."

"तुझ्या बाबानं समुद्र कधी पाह्यला?"

"रस्ता तर पाह्यला."

गोपिकाबाईंचे वडील चंपतराव नागपूरबाहेरच्या वाडीपलीकडे, अमरावती रोडला लागून असलेल्या गावात राहायचे. पंच्याहत्तरी उलटलेली, तरी दोन बैल आणि एक बंडी अजून स्वतः हाकत. संत्र्याचा बगीचा रोडच्या एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला. म्हणजे हा माणूस गेली पन्नास वर्षं दिवसातून दोन-तीनदा भरली बंडी घेऊन तो रोड ओलांडत होता. लढाईच्या दिवसांत मिलिटरीच्या ट्रकांच्या रांगा जायच्या, तेव्हाही ओलांडत होता. शेजारच्या तीन गावांतले चार जण त्या रोडवर गेले. चंपतरावांच्या बैलाच्या शेपटीलासुद्धा कधी धक्का लागला नाही.

जावयानं सगळी हकिगत सांगितली. नकाशा, बोया, नियम. म्हाताऱ्यानं नीट ऐकून घेतलं. मग उठून पागोटं डोक्यावर ठेवलं. "चला जावईबापू. बंडी जुंपली हाये. रोड पार करून दाखवा."

"मी?"

"तुमीच."

गोपिका मागं संत्र्यांच्या पेट्यांवर बसली, चंपतराव तिच्या शेजारी, आणि वामनराव पुढं कासरा धरून. बंडी कच्च्या रस्त्यानं रोडकडे निघाली. उजवीकडून, वाडीकडून, एक ट्रक येताना दिसला. लांब होता. वामनरावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. हिशोब केला. अंतर एवढं, ट्रकची स्पीड एवढी, बंडीची एवढी. "चाळीस सेकंद," ते म्हणाले. "निघून जातो." आणि त्यांनी बैलांना हाकारा दिला.

रोड दहा हातांवर आला, तेव्हा उजवीकडच्या बैलानं चारी पाय रोवले. वामनरावांनी कासरा झटकला, तोंडानं चकचक केलं, पण तो बैल काही हलेना. आणि तेवढ्यात ट्रक हॉर्नही न वाजवता बैलांच्या तोंडासमोरून असा गेला की पेट्यांवरचं गवत उडालं. ड्रायव्हरनं त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं. तो बिडी पेटवत होता.

"बैलाले समजलं," चंपतराव म्हणाले. जावयाला याहून जास्त बोलायचं नसतं म्हणून तेवढंच बोलले.

वामनरावांचा चेहरा उतरला. "त्यानं स्पीड वाढवली," ते पुटपुटले.

"वाढवलीच असंन. तो काय तुमच्या कंट्रोलात हाये?" म्हाताऱ्यानं बंडीवरून वाकून उजव्या बैलाच्या शिंगाकडे बोट केलं. "घड्याळ नोका पाहू. हे पाहा. आपल्या जागेवर बसायचं, हलायचं नाई. बैलाचं तोंड सरळ ठेवायचं. ट्रक दिसला की शिंगाच्या टोकावर धरायचा. मंग पाहात राह्याचं. तो शिंगाच्या पुढं सरकला तं तो आधी जाते. मागं वशिंडाकडे सरकला तं आपुन आधी जातो. आन् शिंगावरच राह्यला, नुसता मोठा होत गेला, तं तो आपल्यासाठीच येऊन राह्यला. मंग थांबायचं. तो कोण हाये, रस्ता कोणाचा हाये, हे त्याच्या मागून इचारायचं."

गोपिकाला हे सात वर्षांची असल्यापासून येत होतं. बापाच्या मांडीवर बसून ती ओरडायची, "पुढं गेला", "मागं गेला". एकदा म्हणाली होती, "बाबा, शिंगावरच हाये," आणि बापानं तिच्या शब्दावर बंडी थांबवली होती. एवढ्याशा पोरीच्या शब्दावर. त्या दिवशी मिलिटरीचा ट्रक असाच गेला होता. ही गोष्ट तिनं लग्नानंतर नवऱ्याला सांगितली नव्हती, कारण त्यानं कधी विचारली नव्हती.

मग तिनं कासरा घेतला आणि तीन वेळा रोड ओलांडून दाखवला. एकदा ट्रकच्या आधी, एकदा एस.टी.च्या नंतर, आणि तिसऱ्यांदा दोघांच्या मधून, इतक्या आरामात की बैलांनी मान हलवत वाटेतलं गवतही ओरबाडलं. वामनराव मागं पेट्यांवर बसून पाहत होते. माणूस हट्टी होता, पण आंधळा नव्हता.

घरी आल्यावर चंपतराव म्हणाले, "पोरीले न्या. पण एक शरत हाये. ज्या घडीले जहाजाच्या वाटेत शिराल, त्या घडीपासून बाहेर पडेपर्यंत दांडा तिच्या हाती. आन् तुमी बोलायचं नाई. ती बोलंन ते करायचं. तोंडाले कुलूप."

"ठीक आहे," वामनराव म्हणाले.

"तसं नाई. हात ठेवून सांगा." आणि सासऱ्यानं जावयाला त्या उजव्या बैलाच्या पाठीवर हात ठेवायला लावला. शेतकऱ्याच्या घरी याहून मोठी शपथ नसते. वामनरावांनी ठेवला.

परतीच्या एस.टी.त गोपिकाबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. समुद्राची त्यांना भीती वाटत नव्हती, जहाजांचीही नाही. शिंगाचं गणित त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. त्यांना भीती होती स्वतःच्या हाताची. वामनराव कंट्रोलच्या फोनवर बोलायचे तो एक आवाज होता, शांत आणि वर-खाली न होणारा. "अकरा अप लूपवर घे. गुड्स सोड." तोच आवाज घरातही चालायचा. खिडकी लावून घे. बटाटे उतरव. तीस वर्षं त्या आवाजावर त्यांचा हात हलला होता, डोक्याला न विचारता. हा माणूस ऐन वेळी बोलेल. शपथ घेतली तरी बोलेल. आणि तेव्हा आपला हात कोणाचं ऐकेल, हे त्यांना सांगता येत नव्हतं. त्यांनी ठरवलं, जायचं. हे एकदा कळलंच पाहिजे.

संक्रांत झाली आणि होडी निघाली. सगळी अजनी पाहायला आली. शोभाताईंनी होडीला हळदीकुंकू वाहिलं आणि हळूच विचारलं, "गोपिका, पोहता तरी येते का वं?" गोपिकाबाई म्हणाल्या, "येते नं. पण पोहायले नाई जाऊन राह्यलो."

मुंबईला रुपरावाच्या ओळखीच्या लोकांनी होडी पाण्यात उतरवून दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाले. डोलकाठीवर तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा कंदील टांगलेला, डब्यात तिळाचे लाडू, अंगावर हवा भरलेली जाकिटं. आकाश पांढुरकं होतं, पण दोन-तीन मैल दिसत होतं. अकराच्या सुमाराला वायव्येचा वारा धरला, मागून आणि थोडा डावीकडून, अगदी रुपरावानं सांगितला तसा. अंबाझरीपेक्षा पाणी जड वाटत होतं आणि होडी त्यावर बरी बसली होती. तिला जणू सात वर्षं हेच पाहिजे होतं.

शेवटचा बोया डावीकडे लांब राहिला, तेव्हा वामनरावांनी दांडा तिच्या हाती दिला आणि शिडाची दोरी घेऊन समोर बसले. तोंडाला कुलूप म्हणून ओठांवर बोट ठेवून दाखवलं. गोपिकाबाईंना हसू आलं.

त्या डाव्या काठावर पाय रोवून बसल्या. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा होत्या, त्यातली उजवीकडची त्यांनी नजरेत धरली. हेच शिंग. होडीचं तोंड त्यांनी जहाजांच्या वाटेला आडवं केलं, सरळ.

पहिलं जहाज उजवीकडून, खुल्या समुद्रातून बंदराकडे येत होतं. तारेवर धरलं. दोन मिनिटांत ते तारेच्या पुढं सरकलं. "हे आधी जाते," त्या म्हणाल्या, आणि ते आधी गेलं, अर्धा मैल पुढून. दुसरं होतं धान्याचं, तेही तिकडूनच. ते तारेच्या मागं मागं राहत गेलं. "आपुन आधी." आणि 'प्रयागबाई' त्याच्या कितीतरी पुढून निघून गेली. वामनरावांनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर लहान पोराचा आनंद होता. मेन लाइन ते ओलांडत होते, आणि ओलांडणं जमत होतं.

तिसरं जहाज उशिरा दिसलं, पांढुरक्या हवेतून एकदम बाहेर आलं. काळं, रुंद, पाण्यात खोल बसलेलं, म्हणजे भरलेलं. गोपिकाबाईंनी ते तारेवर धरलं. आपली जागा सोडली नाही, होडीचं तोंड हलू दिलं नाही. मनात शंभर मोजले. जहाज तारेवर होतं. पुन्हा शंभर. आता त्याच्या तोंडाशी फुटणारं पांढरं पाणी दिसू लागलं होतं, आणि ते अजून तारेवरच होतं. नुसतं मोठं झालं होतं.

"शिंगावर हाये," त्या म्हणाल्या. आणि दांडा लोटायला हात सरसावला.

"गोपिके, थांब. हलू नको." वामनराव बोलले. तोच आवाज, शांत, सरळ, कंट्रोलच्या फोनवरचा. "रस्ता आपला हाये. त्यानं वळायचं हाये. नियम हाये."

आणि तिचा हात थांबला.

खरंच थांबला. दांड्यावर तसाच धरलेला राहिला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. तिनं जहाजाकडे पाहिलं. ते वळत नव्हतं. त्याच्या अंगावरचे गंजाचे पट्टे दिसत होते, नांगराची भोकं दिसत होती. पुलासारखी उंच खोली होती त्यावर, खिडक्यांची, पण खिडक्यांत कोणी दिसत नव्हतं. कदाचित असेल कोणी, बिडी पेटवत असेल. तिला आपला हात दिसत होता आणि तार दिसत होती, आणि तारेवरचं जहाज जागचं हललं नव्हतं. सात वर्षांची असताना तिच्या एका शब्दावर बापानं बैल थांबवले होते. आज ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती आणि स्वतःचा हात तिला हलवता येत नव्हता. तिला भयंकर राग आला. जहाजाचा नाही आणि नवऱ्याचाही नाही, त्या हाताचा.

"तुम्ही चूप बसा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "दोरी सोडा."

आणि दांडा दोन्ही हातांनी लांब ढकलला.

होडीचं तोंड डावीकडे, वाऱ्याकडे फिरू लागलं. आता दोरी सुटली नसती तर शिडात वारा भरून होडी आडवी झाली असती. गोपिकाबाईंनी वामनरावांकडे पाहिलंही नाही. पाहायला वेळ नव्हता. पण दोरी कप्पीतून सरसर गेल्याचा आवाज त्यांनी ऐकला. शीड मोकळं झालं आणि फडफडू लागलं. होडी वाऱ्याकडे तोंड करून, बैलानं पाय रोवावेत तशी, जागच्या जागी डुलत उभी राहिली.

जहाज होडीच्या पाठीमागून गेलं. आपली दिशा त्यानं कणभर बदलली नाही. थांबली नसती तर ज्या पाण्यात 'प्रयागबाई' असती, त्याच पाण्यातून ते गेलं, आणि जायला बराच वेळ लागला, कारण ते फार लांब होतं. अगदी शेवटी, मागच्या टोकाला एक स्वयंपाकी बादलीतून भाज्यांची सालं समुद्रात टाकत होता. त्याला हे दोघं दिसले. तो दचकला, बादली तशीच धरून पाहत राहिला आणि मग त्यानं हात हलवला. गोपिकाबाईंनीही हलवला.

"लाटा येतील आता," त्या म्हणाल्या. "तोंड त्यांच्याकडे करतो. तुम्ही काठ धरा." जहाजाच्या मागच्या लाटा आल्या, होडी तीनदा चढली, तीनदा उतरली, लाडवांचा डबा पालथा झाला. मग पाणी निवळलं. "आता दोरी ओढा," त्या म्हणाल्या, आणि वामनरावांनी ओढली.

मांडव्यापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. शरत कधीच संपली होती, वाट मागं पडली होती, तरी बोलले नाहीत. किनाऱ्याला लागल्यावर गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी होडीच्या लाकडावर हात ठेवला आणि म्हणाले, "चहा घेशील?" तीस वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं.

दोन दिवसांनी ते परत आले, त्याच वाटेनं, पुन्हा शिडानं. दांडा गोपिकाबाईंच्या हाती होता. येताना चार जहाजं लागली. दोन पुढं सरकली, एक मागं. एक तारेवर राहिलं, त्याच्यासाठी त्या आधीच थांबल्या, इतक्या लवकर की वामनरावांनी मधल्या वेळात लाडू खाल्ला.

पुढच्या रविवारी अलिबागच्या पांढऱ्या कांद्यांची एक माळ घेऊन दोघं चंपतरावांकडे गेले. म्हाताऱ्यानं माळ खुंटीला टांगली, चहा ठेवायला सांगितला आणि बाजेवर बसला. त्याला घाई नव्हती. वामनरावांनी पिशवीतून कागदाची गुंडाळी काढली. कंट्रोलच्या चार्टाचा मोठा कागद होता, ज्यावर ते आयुष्यभर गाड्यांच्या रेघा मारत आले होते. तो त्यांनी बाजेवर पसरला.

"हे काय हाये?" चंपतरावांना वाचता येत नव्हतं.

"ही काळी रेघ जहाजाची. ही निळी आपल्या होडीची. घरी येऊन काढलं सगळं, वेळेसकट." वामनरावांनी बोट ठेवलं. "अकरा वाजून बावन्न मिनिटं. दोन्ही रेघा इथं भेटतात. आमच्या धंद्यात दोन स्टेशनांच्या मधे रेघा अशा भेटल्या की काय म्हणायचं, ते पोरालाही ठाऊक असते. मले समोर दिसून नाई दिसलं."

म्हाताऱ्यानं अंगठा त्या ठिकाणावर दाबून पाहिला. मग लेकीकडे पाहिलं. "शिंगावर होतं?"

"शिंगावरच होतं."

"आन् जावईबापू चूप राह्यले?"

गोपिकाबाईंनी चुलीवरून चहाचं भांडं उतरवलं. त्यांनी ठरवलं होतं, या प्रश्नाला हो म्हणायचं. नवऱ्याची लाज बापासमोर काढायची नाही. त्या तोंड उघडणार, तेवढ्यात वामनरावच बोलले.

"नाई राह्यलो. बैलाच्या पाठीवर हात ठेवला होता, तरी बोललो. थांब म्हटलं तिले, हलू नको म्हटलं." ते चार्टाकडे पाहत होते. कंट्रोलच्या फोनवरचा तो आवाज कुठं नव्हता, दुसराच होता, थोडा खरखरीत. "तिनं माझं ऐकलं नाई, बाबा. म्हणून तुमच्या घरी चहा पिऊन राह्यलो."

बाहेर रोडवरून ट्रक जात होते. चंपतरावांनी दोनदा खाकरून घसा साफ केला.

"तीस वर्षांत पयल्यांदाच नाई ऐकलं का तिनं?"

"पयल्यांदाच."

"मंग फार उशीर केला वं गोपे," म्हातारा लेकीला म्हणाला. त्यानं बशीत चहा ओतला, पण बशी आपल्या तोंडाशी न नेता आधी तिच्या हाती दिली.

गोपिकाबाईंनी ती दोन्ही हातांनी धरली. डोळे भरून आले होते, पण चहा सांडला नाही. बंडी जुंपलेली होती आणि पेट्या पलीकडे न्यायच्या होत्या. चहा संपल्यावर वामनराव न सांगता उठले, त्यांनी कासरा तिच्या हाती दिला आणि ते मागं जाऊन पेट्यांवर बसले.